संगणकावरचा हिशेब आणि आपली जकात

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, याच विषयावर आहे. तरीही आपल्या बिरादरीच्या कारोबारात हिशेब बहुधा मालकाच्या डोक्यात आणि गल्ल्यातल्या चिठ्ठ्यांवर असतो. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि गांधीबाग, इतवारी, मोमिनपुरा येथील पुष्कळ दुकानांत नाइलाजाने संगणक आला. मग मोबाइलमध्येही खातेवही आली. पण बहुतेकांनी हे यंत्र कर सल्लागाराच्या सोयीसाठी ठेवले आहे. स्वतःच्या दुकानाला व घराला त्याचा उपयोग काय आणि मनस्ताप काय, ते आज पाहू.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या टॅलीचा जन्मच व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला आहे. श्यामसुंदर गोयंका कारखान्यांना व कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. मनासारखा हिशेबाचा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांनी आपले पुत्र भरत यांना तो तयार करायला सांगितला. 1986 साली बंगळूरला ही कंपनी सुरू झाली. भरत गोयंका यांना 2020 साली पद्मश्री मिळाली.

त्याचा खरा फायदा उधारीत आहे. कोणाकडे किती येणे आहे हे वहीही सांगते, पण त्यातले किती 30 दिवसांचे आणि किती 90 दिवसांच्या वरचे, हे वहीतून काढायला आख्खी रात्र जाते. संगणक क्षणात सांगतो. मात्र त्याला एक अट आहे. आपले गिऱ्हाईक बिलाप्रमाणे पैसे देत नाही. आले की पाच हजार ठेवून जाते. ही रक्कम कोणत्या बिलापोटी, हे त्याच वेळी लिहिले नाही तर जुनी बिले उघडीच राहतात आणि यंत्र भल्या माणसालाही थकबाकीदार ठरवते.

दुसरा मनस्ताप नावांचा. उर्दूत किंवा मराठीत शेख एकच. इंग्रजीत त्याची स्पेलिंगे तीन. मोहम्मद तर पूर्ण लिहा, चार अक्षरांत लिहा की दोन अक्षरांत, यंत्राला ती वेगवेगळी माणसे वाटतात. सकाळचा मुलगा एका नावाने बिल करतो, संध्याकाळचा दुसऱ्या नावाने जमा करतो, आणि एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती होतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे यावर हसतो, पण पैसे यातच अडकतात. उपाय सोपा आहे: नावापुढे मोबाइल नंबर टाकावा आणि शोधताना नंबरच टाकावा.

घरखर्चाचे मोबाइलवरचे प्रोग्राम बँकेचे संदेश वाचून आपोआप खाती पाडतात. महिनाअखेरीस घरात किती गेले ते कळते, आणि गल्ल्यातून घरी नेलेली उचल किती मोठी होती हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो. एवढ्यासाठी तरी ते वापरावे. पण ही आपोआप पाडलेली खाती आपल्या रीतीची नसतात. भावाला दिलेले कर्जे हसना यंत्र ‘खर्च’ म्हणून लिहिते. वास्तविक ती रक्कम आपल्याच मालकीची आहे, परत येणार आहे. बचत खात्यावरचे व्याज ते ‘उत्पन्नात’ धरते. आपल्याला तर ते बाजूला काढून सवाबची नियत न ठेवता देऊन टाकायचे असते. जकात, फितरा, सदका या सर्वांना ते ‘दान’ म्हणते. ही खाती पहिल्याच दिवशी हाताने वेगळी उघडावीत.

सर्वांत मोठी चूक जकातीत होते. यंत्राचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. आपले वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचे. दरवर्षी 11 दिवसांचा फरक पडतो, आणि मार्चच्या ताळेबंदावर अडीच टक्के काढत राहिले तर साधारण 33 वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाते. म्हणून काही उलेमा सौर वर्ष धरणाऱ्याला 2.577 टक्के दर सांगतात. त्यापेक्षा आपली चांद्र तारीख ठरवावी. टॅलीत कोणत्याही तारखेचा ताळेबंद निघतो, ही मोठी सोय आहे.

पण तो ताळेबंद जसाच्या तसा घेऊ नये. त्यात मालाची किंमत साधारणतः खरेदीच्या भावाने असते. जकात काढताना शिल्लक तागे त्या दिवशीच्या बाजारभावाने, म्हणजे ज्या भावाने ते विकले जातील त्या भावाने धरायचे. उलट दुकानाची जागा, फर्निचर, हातमाग, शिलाई मशीन हे ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, त्यावर जकात नाही. विणकराचे सूत आणि तयार लुगडी मात्र हिशेबात येतात. व्यापाऱ्यांची द्यायची देणी वजा होतात. लांब मुदतीच्या कर्जाबाबत आपल्या आलिमांना विचारावे.

निसाबाचे गणितही तपासून घ्यावे. साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे जुन्या तोळ्याने 612.36 ग्रॅम. आज सराफ्यात तोळा 10 ग्रॅमचा चालतो. त्या मापाने 525 ग्रॅम धरले तर निसाब चुकतो.

आणखी एक गोष्ट. प्रोग्राम काढणारी कंपनी उद्या दुकान बंद करू शकते. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या घरगुती हिशेबाच्या प्रोग्रामची विक्री 2009 साली थांबवली. इंट्यूटने क्विकबुक्सची भारतातील सेवा 2023 साली बंद केली आणि अमेरिकेतील ‘मिंट’ 2024 साली. लाल वही कंपनी बुडाली म्हणून कोरी होत नाही. तेव्हा दर महिन्याला उधारीची यादी कागदावर काढावी, हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानात नव्हे तर घरी ठेवावी, आणि पासवर्ड केवळ नोकराला माहीत असेल तर तो आजच लिहून घ्यावा.