रणाच्या वाटेवर निघणाऱ्या चाकांविषयी

दिवाळी सरली आणि हवेत किंचित गारवा आला की बडोद्यातील मराठी घरांतून कच्छचे बेत सुरू होतात. धोरडोचे पांढरे रण, धोळावीरा, जमल्यास छोट्या रणातील रानगाढवे. कोणी अधिक धीट असेल तर थेट जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्या. पूर्वी अशा प्रवासाची चर्चा रेल्वेच्या वेळापत्रकापासून सुरू होई. आता ती दाराशी उभ्या असलेल्या उंच मोटारीपासून होते, आणि तरुण मंडळी ‘आधी टायर बदलू या’ असा आग्रह धरतात. खोल खाचांचे दांडगे टायर आणि त्यांत चकाकणारी मोठी अलॉय चाके, असे त्यांच्या मनातले चित्र असते. त्या गाडीत आजी-आजोबा आणि नातवंडे बसणार असतात. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी हे चित्र थोडे तपासून पाहिलेले बरे.

बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव नदीच्या वाळूत कशी रुतते, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले होते. उंटाचे मऊ पाऊल मात्र टेकताच पसरते आणि वाळूवर तरते. राजस्थानातील उंटगाड्यांना विमानांचे जुने रुंद टायर बसवतात, तेही याच कारणाने. मोटारीचा हिशेब निराळा नाही. माणसे-सामानासह १६०० किलोची गाडी धरली, तर प्रत्येक चाकावर ४०० किलो, म्हणजे सुमारे ८८० पौंड भार येतो. टायरमध्ये दर चौरस इंचाला ३५ पौंड हवा असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने २५ चौरस इंच, म्हणजे तळहाताएवढा. हवा निम्म्यावर आणली की तोच भाग जवळजवळ दुप्पट होतो. त्यासाठी नवे काहीच विकत घ्यावे लागत नाही!

इजिप्तमध्ये नेमणुकीस असलेले ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९२० नंतरच्या दशकात साध्या फोर्ड मोटारी लिबियाच्या वाळवंटात नेल्या, त्या याच युक्तीच्या बळावर. गाडी रुतलीच तर चाकाखाली घालायला ते पोलादी पट्ट्या बरोबर ठेवीत. पुढे १९४१ मध्ये वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ शास्त्रज्ञांनाही मान्य झाला.

खोल खाचांचा टायर चिखलात उपयोगी, पण कोरड्या वाळूत तो फावड्याचे काम करतो. चाक फिरेल तसा खड्डा खणत जातो. वाळूला हवा असतो तो उंच भिंतीचा, सौम्य खाचांचा टायर. इथेच मोठ्या चाकांची हौस आड येते. टायरवरील २१५/६५ आर १६ या आकड्यांत रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १४० मिलिमीटर, आणि चाक १६ इंची. त्याच गाडीला १८ इंची चाक घालून २१५/५५ चा टायर चढवला की भिंत ११८ मिलिमीटरांवर येते. हवा कमी केल्यावर दबायला जागाच उरत नाही आणि एखाद्या दगडावर चाकाची कड थेट आपटते. पोलादी चाक वाकले तर बहुधा ठोकून कामापुरते सरळ करता येते. अलॉयचे चाक तडकू शकते. माझे मत विचाराल तर मोटारीबरोबर आलेले लहान चाकच ठेवावे.

वाळूत उतरताना हवा साधारण १८ पौंडांवर आणावी. १५ च्या खाली जाऊ नये, कारण मग वळणावर टायर चाकावरून निसटण्याचा धोका असतो. वेग कमी ठेवावा, एकदम ब्रेक दाबू नये, आणि डांबरी रस्त्यावर परतताच पुन्हा हवा भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणून दाबमापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप या दोन वस्तू नव्या टायरांपेक्षा अगत्याच्या.

आता रणाविषयी. पुष्कळांचा समज असतो की रण म्हणजे वाळवंट. कच्छच्या रणात पावसाळ्यात पाणी भरते आणि ते आटल्यावर वर मिठाचा पापुद्रा धरतो. पण त्याखाली काळा, ओला चिखल तसाच राहतो. खावड्याहून धोळावीऱ्याकडे जाताना दुतर्फा पसरलेला शुभ्र पट्टा पाहून छायाचित्रासाठी गाडी खाली उतरवण्याचा मोह होतो. पापुद्रा मोडला की चाके चिखलात जातात, मग हवा कमी करून भागत नाही आणि कितीही महाग टायर कामास येत नाही. तिथे पायीच उतरावे. छोट्या रणातील अभयारण्यात परवाना घेऊन, स्थानिक जीपवाल्याच्या गाडीतून फिरावे. कोणती वाट वाळली आहे आणि कोणती नाही, हे त्याला ठाऊक असते.

शिवाय बडोद्याहून भूज सुमारे साडेचारशे किलोमीटर, आणि ती वाट जवळजवळ सारी डांबरी. दांडगे टायर या रस्त्यावर घरघरतात, इंधन अधिक खातात आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायलाही वेळ लावतात. म्हणून कच्छसाठी चांगल्या अवस्थेतील नेहमीचेच टायर पुरेत. जैसलमेरच्या बाजूला वारंवार जाणाऱ्याने फार तर दोन्ही प्रकारच्या रस्त्यांना चालणारे मध्यम खाचांचे घ्यावेत. टायरांचे मोठे कारखाने वाघोडिया आणि हालोलला, आपल्या उंबरठ्यावर आहेत. तरीही दुकानात टायरवरील चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

जादा चाकही पाहावे. अलीकडे जागा वाचवण्यासाठी अरुंद चाक देतात. ते वाळूत निरुपयोगी. कच्छमध्ये वेड्या बाभळीचे काटे जागोजागी असतात. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये काटा दिसला तर तो उपटू नये. बहुधा तोच भोक बुजवून धरतो. दाब पाहात पंक्चरवाल्यापर्यंत जावे. घरी परतल्यावर मात्र त्याच दिवशी चाके, त्यांचे नट आणि गाडीचा तळ गोड्या पाण्याने भरपूर धुवावा. रणातले मीठ लोखंडाला सावकाश, पण नेमाने खाते.