नेपाळचा रुपया १.६० वरच का थांबलाय?

काठमांडूत आपली शंभराची नोट दिली की दुकानदार बिनधास्त १६० नेपाळी रुपये धरतो. १९९३ पासून हा दर जागचा हललेला नाही! त्यामुळे भारतात महागाई भडकली की झळ तिकडेही बसते. हिंदी सिनेमे तर घरोघरी. घड्याळ मात्र आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, आणि हा स्वाभिमान मला फार आवडतो.

पण हे अवलंबित्व कधी टोचतंही. २०१५ मध्ये नेपाळच्या नव्या राज्यघटनेनंतर भारताच्या सीमेवर कित्येक महिने ट्रक अडकले. गॅस सिलिंडर अर्धेच भरून मिळायचे, शहरातही चुली पेटल्या. नेपाळने याला नाकेबंदी म्हटलं, भारताने आरोप फेटाळला. पुढच्याच वर्षी काठमांडूने चीनशी वाहतूक करार केला. तरीही २०१९ मध्ये डिझेलची पाइपलाइन आली ती बिहारच्या मोतिहारीहूनच.