तापांतहि न मोडणारी घडी

गाय व्याली कीं आमच्या अष्टागरांत शेजारींपाजारीं चीक पोंचतो, आणि त्या दिवशीं घरोघर खरवस शिजतो. पातळ चीक वाफेवर ठेवतांच घट्ट कां होतो, असें आमच्या नातीनें परवां विचारलें. प्रश्न साधा, पण त्याचें उत्तर रोगजंतूंच्या संसारापर्यंत पोंचतें, म्हणून तें वाचकांपुढें मांडीत आहों.

चिकांत प्रथिनें विपुल असतात. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी; ती ठराविक रीतीनें दुमडून तिची घडी बसली तरच ती आपलें काम करते. फार उष्णता लागली म्हणजे घडी उकलते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्यांचा गोळा होतो. हाच खरवस! निवला म्हणून त्याचा पुन्हां चीक होत नाहीं.

जंतूचें शरीरहि प्रथिनांवरच चालतें. मग आपणांस ताप चढला असतां त्याची घडी कां विसकटत नाहीं? कारण त्याच्या पदरीं घडी सांभाळणारीं सेवक-प्रथिनें असतात. उष्णतेनें पेशी जाग्या होतात, हें १९६२ सालीं रिटोसा या इटालियन शास्त्रज्ञानें फळमाशींत प्रथम दाखविलें. पुढें तोच प्रकार जंतूंतहि आढळला.

आंतड्यांतील ई. कोलाय जंतूचा 'ग्रोईएल' हा सेवक पहा. सात-सात घटकांचीं दोन कडीं एकावर एक ठेवावीं, तशी त्याची रचना आहे. उकललेली साखळी आंत शिरते, वर झांकण बसतें, आणि कांहीं सेकंदांच्या एकांतांत तिला घडी बसविण्यास अवसर मिळतो. सेवकांच्या भरतीचा हुकूम 'सिग्मा ३२' हें प्रथिन सोडतें. एरवीं सेवकच त्यास धरून ठेवतात व त्याचा लौकर नाश होतो. उष्णता वाढली कीं सेवक बिघडलेल्या घड्यांत गुंततात, हुकूम देणारें प्रथिन मोकळें राहतें व नवी भरती होते. गरज सरली कीं तीहि थांबते. कारभार चोख खरा!

क्षयाच्या जंतूपाशीं असे ग्रोईएल दोन आहेत. नागपुरास शिकलेले शेखर मांडे व त्यांचे सहकारी यांनीं त्यांपैकीं एकाची रचना २००४ सालीं हैदराबाद येथून प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेंत तो चौदांच्या कड्यांऐवजीं दोघांच्या जोडीनें राहणारा आढळला, हें विशेष.

या माहितीचा गृहस्थास उपयोग काय? आमच्या परिचयाच्या एका घरीं ताप उतरतांच मुलाचें क्षयाचें औषध बंद झालें. कांहीं महिन्यांनीं रोग उलटला. ज्वर हें शरीराचें शस्त्र खरें, पण शत्रूपाशीं ढालहि आहे. तापाचें चढणें-उतरणें पाहून जंतु मेला असें समजूं नये. साध्या क्षयासहि बहुधा सहा महिने औषध लागतें; तें वैद्य थांबवा म्हणेपर्यंत घ्यावें. जंतु आपली घडी इतक्या निष्ठेनें सांभाळतो. आपण औषधाचा नेम तरी मोडूं नये.