शिड्या काढलेला किल्ला

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचं अधिवेशन भरलं आणि मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. आपल्याकडे पेढे वाटले गेले, ते योग्यच. त्याच अधिवेशनात बव्हेरियाच्या लुडविग राजाचे महालही यादीत आले, त्यांत आल्प्सच्या पायथ्याचा नॉयश्वानस्टाइन होता, ही बातमी मात्र मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर गेली. आमच्या उल्हासनगर कॅम्प ४ मधली माणसं हल्ली ग्रुप टूरने युरोपला जातात आणि मोबाइलमध्ये हमखास याच नॉयश्वानस्टाइनचा फोटो घेऊन येतात. पांढरे बुरूज, निळी टोकदार छपरं, मागे बर्फ. 'मध्ययुगातला किल्ला' म्हणून तो दाखवला जातो. मध्ययुगाशी त्याचा संबंध फक्त हौसेचा. बांधकाम सुरू झालं १८६९ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावू लागल्याला सोळा वर्षं झाल्यावर. राजा १८८६ मध्ये गेला तेव्हा महाल अर्धवटच होता.

फोटो दाखवणाऱ्याला मी हे सांगत नाही; हिरमोड कशाला करा. पण त्याच्याच गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिलं तर सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटरवर खरोखरचा मध्ययुगीन डोंगरी किल्ला उभा असतो. मलंगगड. पावसाळ्यात ढगात आणि हिवाळ्यात एमआयडीसीच्या धुरकटात तो गायब होतो, एरवी दिसत राहतो. इंग्रजांना त्याचा सुळका चर्चच्या शिखरासारखा वाटला, म्हणून त्यांच्या कागदांत तो 'कॅथेड्रल रॉक'. त्यांच्याच ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये 'बावा मलंग' असंही नाव आहे. कॅम्पातल्या लोकांच्या तोंडी गड नाहीच, फक्त 'मलंगबाबा'.

आमच्या गावाचं वय गडापुढे काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा तळ होता, 'कल्याण कॅम्प'. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबं उतरवली. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीचं उल्हासनगर झालं, पण बराकींच्या हिशेबाने पडलेले कॅम्पांचे आकडे पत्त्यात कायम राहिले. गडाकडे जाताना लागणाऱ्या नेवाळीची धावपट्टीही त्याच युद्धातली. तिच्या जमिनीचा वाद जून २०१७ मध्ये रस्त्यावर पेटला होता, तेवढी एक गोष्ट नेवाळी नाक्यावर कुणालाही ठाऊक असते. सैन्य इथे वारंवार येऊन गेलं आहे. त्यातल्या एका सैन्याची गोष्ट पुढे येईलच.

आधी आल्प्सचं थोडं बोलू, कारण त्याबद्दल आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं आहे. बर्फाचं शिखर आणि त्यावर किल्ला. प्रत्यक्षात आल्प्समधले बहुतेक मध्ययुगीन किल्ले शिखरांवर नाहीतच. ते खोऱ्यातल्या टेकाडांवर आहेत, कारण राखायचा होता तो खालचा रस्ता आणि त्यावरची जकात. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा होहेनसाल्झबुर्ग पाहा. १०७७ साली आर्चबिशप गेबहार्टने तो बांधायला घेतला. पोप आणि सम्राट यांच्यात बिशप कुणी नेमायचे यावरून जुंपली होती. गेबहार्ट पोपच्या बाजूचा, म्हणून त्याला तटाची गरज. दक्षिणेची वाट धरण्यासाठी त्याने वेर्फेनलाही किल्ला उभारला. साल्झबुर्ग शहरच समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरवर आहे आणि किल्ला त्याच्या डोक्यावर जेमतेम शंभर मीटर. कारिंथिया प्रांतातला होखओस्टरविट्स एवढा नावाजलेला, सोळाव्या शतकात त्याच्या वाटेवर एकामागे एक चौदा दरवाजे बांधले गेले. तोही सपाटीपासून दीडशे-पावणेदोनशे मीटरच उंच.

मलंगगडाचा पायथा आणि समुद्र यांच्या उंचीत फारसा फरक नाही. जी काही उंची आहे, सुमारे तीन हजार फूट, ती जवळजवळ सगळी आपल्या पायांनीच चढायची. शिखरावरचा किल्ला पाहायचा तर सह्याद्रीत यावं, असं मी युरोप फिरून आलेल्यांना आवर्जून म्हणतो. त्यात थोडा गावाभिमान आहे, पण मोजमाप खोटं नाही.

काळाचंही तसंच. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ ची नोंद आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात मंदिर पुरं झालं. होहेनसाल्झबुर्गचा पहिला दगड बसण्याआधी सतरा वर्षं. मलंगगडाला असा शिलालेखाचा आधार नाही. परंपरा त्याला नळराजाशी आणि बाराव्या शतकाच्या सुमारास अरबस्तानातून आलेल्या हाजी अब्दुल रहमान या सत्पुरुषाशी जोडते. राजाने त्याची कसोटी पाहायला आपली मुलगी पाठवली आणि शेवटी त्यालाच दिली, अशी कथा गॅझेटियरने टिपून ठेवली आहे. नाथपंथी परंपरा हीच जागा मच्छिंद्रनाथांची समाधी मानते. माघ पौर्णिमेला दोन्हीकडची गर्दी एकाच वाटेने वर येते.

ही वाट मलंगवाडीतून सुरू होते. पायऱ्या, मग उतार नसलेला चढ, परत पायऱ्या. दोन्ही बाजूंना नारळ, चादरी, फुटाणे, लिंबूसरबत. दीड-दोन तासांत पीरमाची येते. दर्गा इथे आहे, आणि बहुतेकांच्या लेखी मलंगगड इथेच संपतो. उल्हासनगरची सिंधी कुटुंबंही त्यांत असतात. सेहवानच्या लाल शाहबाज कलंदराच्या मुलखातून आलेल्या माणसांना डोंगरावरचा दर्गा परका वाटण्याचं कारणच नव्हतं.

किल्ला खरा सुरू होतो तो दर्ग्याच्या मागे. झाडीतून चढत सोनमाची, तिथे पडका दरवाजा, बुरुजांचे अवशेष, खडकात खोदलेल्या पायऱ्या. तिच्याही वर बालेकिल्ला, म्हणजे तो सुळका. पीरमाची, सोनमाची, बालेकिल्ला: तीन मजले, आणि प्रत्येक मजल्याचा जिना वेगळा. शत्रूने खालचा मजला घेतला म्हणजे वरचा आपोआप पडत नाही. १७८० सालच्या लढाईचं सगळं मर्म या रचनेत आहे.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचे दिवस. मे १७८० मध्ये कॅप्टन कॅम्पबेलने कल्याण घेतलं. कल्याणात टिकायचं तर शहरावर आणि घाटवाटांवर डोळा ठेवणारा मलंगगड मराठ्यांच्या हाती राहून चालणार नव्हतं. कॅप्टन ॲबिंग्टनने भर पावसाळा निवडला. ऑगस्टमधला मलंगगड ज्याने पाहिला आहे तो या निवडीचं कौतुकही करील आणि कीवही. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. ४ ऑगस्टच्या पहाटे छापा पडला आणि पीरमाची इंग्रजांकडे गेली. शिबंदी मागे हटली ती पळून जायला नव्हे. ती सोनमाचीवर चढली. मराठी दुर्गसाहित्यात किल्लेदाराचं नाव पांडुरंग केतकर असं येतं. त्याने वर जायच्या वाटेवरच्या शिड्या काढून घेतल्या, असं सांगतात.

पुढचे दोन महिने ॲबिंग्टन एका विचित्र जागी बसून होता. खालचा किल्ला त्याचा, वरचा नाही. सप्टेंबरात सोनमाचीवर हल्ला झाला तो वरून लोटलेल्या दगडधोंड्यांनी परतवला. सह्याद्रीत उंचावर असलेल्याला दारूगोळा कमी पडला तरी बेसॉल्ट कमी पडत नाही. तोवर नाना फडणवीसांनी कोकणातून हलवलेली कुमक पायथ्याशी पोचली आणि वेढा घालायला आलेला ॲबिंग्टन स्वतःच वेढला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर्नल हार्टले फौज घेऊन आला तेव्हा त्याची सुटका झाली. बालेकिल्ल्याला इंग्रजांचा हात लागला नाही.

आल्प्समध्ये याचा जोड शोधायचा तर १५२५ साल घ्यावं लागेल. बंडखोर शेतकरी आणि खाणकामगारांनी होहेनसाल्झबुर्गला वेढा दिला. आर्चबिशप मॅथेउस लांग आत अडकला. सुमारे तीन महिने किल्ला लढला आणि पडला नाही. तिथे त्याचं श्रेय जाड तटांना देतात. मला त्यात आणखी एका गोष्टीचा वाटा दिसतो, तो पुढे सांगतो.

मलंगगडाच्या लढाईची खरी गंमत मात्र तिच्यानंतर आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रज कल्याण सोडून गेले. लोकांनी याचं श्रेय नाना फडणवीसांना दिलं नाही, केतकरांच्या शिड्यांनाही नाही, दिलं मलंगबाबाला. कल्याणहून काशिनाथपंत केतकरांच्या देखरेखीखाली नवसफेड म्हणून चादर पाठवली गेली, जरीची, मोत्यांची किनार असलेली, चांदीच्या खांबांवर धरलेली. कबरीची दुरुस्ती झाली, आणि त्या वेळी दगड आपोआप घडत आणि जागेवर बसत गेले अशी दंतकथाही चिकटली. दर्ग्याची व्यवस्था या ब्राह्मण घराण्याकडे आली. १८१७ मध्ये त्यावर हरकत घेतली गेली तेव्हा सत्पुरुषाचीच इच्छा पाहायची असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. तीन वेळा टाकल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या प्रतिनिधीचं नाव निघालं, अशी गॅझेटियरमधली नोंद आहे. स्वातंत्र्यानंतरही वहिवाटीचा वाद कोर्टात चढत राहिला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जागा नक्की कुणाची यावरच्या घोषणा गेली चार दशकं दर माघ पौर्णिमेला ऐकू येतात. त्या देणाऱ्यांपैकी किती जणांना चिठ्ठ्यांची गोष्ट माहीत असते कोण जाणे. मला ती कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त कोकणी वाटते.

आता तो राहिलेला मुद्दा. डोंगरी किल्ल्याचं खरं दुखणं शत्रू नव्हे, ओझं आहे. धान्य, सरपण, चुना, दारू, जखमी माणूस हे सगळं वर न्यायचं कसं? होहेनसाल्झबुर्गवर यासाठी साधारण इ.स. १५०० पासून एक दोरवाहिनी आहे, राइसत्सूग. लाकडी रुळांवरची गाडी, तागाचा दोर, माणसं किंवा जनावरं ओढणार. वाटेतल्या तटांमध्ये तिच्यासाठी बंद करता येणारी स्वतंत्र दारं. मॅथेउस लांगनेच १५१५ मध्ये तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. म्हणजे वेढा पडला त्याच्या आधी दहा वर्षं तिचा उल्लेख मिळतो. कोठारं भरलेली असण्याचं हे एक कारण असलं पाहिजे. लाकडाच्या जागी पोलाद आणि हाताच्या जागी मोटर आली, पण ती गाडी आजही किल्ल्यावर माल नेते. प्रवाशांसाठी वेगळी फ्युनिक्युलर १८९२ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला वरच्या डब्यात पाणी भरून त्याच्या वजनाने खालचा डबा ओढायचे.

मलंगगडावर ओझं वाहिलं ते माणसाच्या पाठीने आणि खांद्याने. आजही दुकानातला सिलिंडर आणि पाण्याचे कॅन असेच चढताना दिसतात. म्हातारी माणसं डोलीत बसतात, पुढेमागे डोलीवाले. हे थांबावं म्हणून फ्युनिक्युलर मंजूर झाली. रूळ, खांब, मुदत, मुदतवाढ असं तिचं काम एका तपाहून अधिक काळ चाललं. दिरंगाईवर कॅम्पातल्या चहाच्या टपरीवर जे बोललं जातं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. मी फ्युनिक्युलरच्या विरोधात नाही. गुडघ्यांनी जबाब दिलेल्या भाविकाला दोन तासांची वाट काही मिनिटांत झाली तर त्यात वाईट काय? पण पायऱ्यांवरच्या टपऱ्यांचा संसार चढणाऱ्याच्या तहानेवर चालतो आणि डब्यात बसलेल्याला तहान लागत नाही. डोलीवाल्याच्या पोटाचा विचार रुळांसोबतच व्हायला हवा होता.

फ्युनिक्युलर पीरमाचीच्या पातळीपर्यंतच जाते, हे मला बरं वाटतं. त्यावरचे दोन मजले जसे होते तसेच अवघड राहणार. सोनमाचीवरून सुळक्याकडे जाताना एका ठिकाणी वाट तुटलेली आहे आणि दरीवर फक्त लोखंडी पाइप टाकलेले आहेत. त्यावरून पलीकडे जायचं. गिर्यारोहण संस्था इथे दोर लावतात आणि दोराशिवाय कुणी जाऊ नये. अति धाडस करणाऱ्यांच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. पलीकडे कोरीव पायऱ्या, माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि एका वाड्याच्या उघड्या भिंती. वरच्या टाक्यातलं पाणी तांब्याच्या नळाने खालच्या किल्ल्याला पुरवत, असं गॅझेटियर सांगतं. त्या नळाचा विचार मी बराच केला आहे. पीरमाची गेल्यावर सोनमाचीची शिबंदी दोन महिने तग धरू शकली ती अशा टाक्यांच्या जिवावर. पावसाळा निवडून ॲबिंग्टनने स्वतःला अंधारात ठेवलं आणि शत्रूची टाकी काठोकाठ भरू दिली.

सुळक्यावरून उत्तरेला कल्याणची खाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथची छपरं दिसतात. आग्नेयेला चंदेरीचं टोक, त्यामागे माथेरानची रांग, नैर्ऋत्येला पनवेलची बाजू. बंदर, घाटाच्या वाटा आणि कोकणातून येणारी कुमक हे सगळं एका जागेवरून मोजता येतं.

यादीतल्या बारा किल्ल्यांत मलंगगड नाही आणि तो यावा अशी माझी मागणीही नाही. मागणी साधी आहे. पीरमाचीवर फ्युनिक्युलरमधून उतरणाऱ्याला समोर दोन फलक दिसावेत, एक ४ ऑगस्ट १७८० चा आणि एक १८१७ च्या चिठ्ठ्यांचा. आणि सोनमाचीच्या पायऱ्यांवर वाढलेली झुडपं पावसाळा संपल्यावर कुणीतरी दरवर्षी तोडावीत. ज्यांना यंदा जायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर जावं, कातळ तोवर सुकलेला असतो. कल्याण स्टेशनहून बस आहे. कॅम्प ४ आणि ५ मधून रिक्षाने नेवाळी नाका गाठावा. निघायचं उजाडायच्या आत, कारण दर्ग्यानंतर पुढे पाणी विकत मिळत नाही आणि टाक्यांतलं गाळून घ्यावं लागतं.