बहुचल कलन: डॉक्टरांनी सोडलेले गणित

अकरावीला जीवशास्त्र घेणारे अनेक विद्यार्थी गणिताला रामराम ठोकतात. ‘नीट’मध्ये गणिताचा विभाग नसतो. त्यामुळे मेडिकलला जाणाऱ्या मुलांची बहुचल कलनाशी, म्हणजे मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसशी, सहसा गाठच पडत नाही. अभियांत्रिकीच्या मुलांना तो विषय सुरुवातीच्या वर्षांतच भेटतो आणि पेपर सुटला की बरेच जण तो विसरतात. शरीराचे व्यवहार समजून घ्यायला मात्र यातल्या दोन-तीन कल्पना फार उपयोगी आहेत.

बारावीच्या कलनात एक राशी एकाच चलावर, म्हणजे बदलणाऱ्या एकाच गोष्टीवर, अवलंबून असते. विद्यापीठातल्या या अभ्यासक्रमात ती एकाच वेळी दोन, तीन किंवा अधिक चलांवर अवलंबून असते. पहिली युक्ती सोपी आहे. बाकी सगळे चल स्थिर धरायचे, एकच किंचित हलवायचा आणि उत्तर किती हलते ते पाहायचे. याला आंशिक विकलन म्हणतात.

रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. सरासरी रक्तदाब हा ढोबळमानाने दोन गोष्टींचा गुणाकार असतो: हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते आणि रक्तवाहिन्या त्याला किती रोध करतात. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त टाकत असेल आणि रोध १८ एकक असेल, तर सरासरी दाब ९० येतो. हृदयाने ६ लिटर टाकले तर तो १०८ होतो, म्हणजे १८ने वाढतो. आता रोध २४ असलेला दुसरा माणूस घ्या. त्याच्यात ५ लिटरला दाब १२० आणि ६ लिटरला १४४, म्हणजे वाढ २४ची. बदल तेवढाच, एका लिटरचा. परिणाम मात्र वेगळा. एका चलाचा परिणाम किती होणार, हे दुसरा चल कुठे आहे यावर ठरते.

‘शेजारच्या काकांना ही गोळी लागू पडली, मलाही चालेल’ हा हिशेब चुकतो तो इथेच. वय, मूत्रपिंडाचे काम, रक्तातले पोटॅशियम, सोबतची इतर औषधे हे सगळे चल दोघांचे वेगळे असतात. गोळी एकच असली तरी तिचा परिणाम एकच असेल असे नाही.

दुसरी कल्पना साखळी नियमाची. कागदावर बाकीचे चल स्थिर धरता येतात. शरीर मात्र ते स्थिर ठेवत नाही. रक्तवाहिन्या झपाट्याने सैल करणारे औषध दिले की दाब उतरतो. ते मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांना जाणवते आणि हृदयाचे ठोके वाढतात. म्हणजे एक चल हलवला की दुसराही हलतो, आणि खरा परिणाम दोन्ही मिळून ठरतो. धडधड वाढली म्हणून स्वतःहून गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगायचे ते यासाठी.

तिसरी कल्पना संकलनाची, आणि तिने वैद्यकाचे रूपच बदलले. शरीराच्या एका कापाची घनता जागोजागी वेगळी असते. म्हणजे ती आडव्या आणि उभ्या अशा दोन चलांवर अवलंबून असते. क्ष-किरण त्यातून आरपार गेला की वाटेत किती शोषला गेला याची फक्त बेरीज हाती येते. अशा अनेक रेषांवरच्या बेरजांवरून आतली घनता शोधता येते, हे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच दाखवले होते.

दवाखान्यांना त्याचा पत्ता नव्हता. १९५६ मध्ये केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक आठवड्यातून दीड दिवस किरणोत्सारी द्रव्यांच्या कामावर देखरेख करत. शरीर आतून एकसारखेच आहे असे धरून किरणोपचाराची मात्रा ठरते, हे त्यांना खटकले. राडोनचे काम ठाऊक नसताना त्यांनी तेच गणित नव्याने मांडले. त्यांचे १९६३ आणि १९६४चे निबंध फारसे कोणी वाचले नाहीत. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र उभे केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. त्याआधी मेंदूतली पोकळी दिसावी म्हणून पाठीच्या कण्यातून हवा भरून क्ष-किरण चित्र काढावे लागे, आणि ते फार वेदनादायक असे. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल कॉरमॅक आणि हाऊन्सफील्ड यांना मिळून देण्यात आले.

हा विषय शिकायला वयाची अट नाही. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतला २००७चा बहुचल कलनाचा अभ्यासक्रम, डेनिस ऑरू यांच्या ३५ व्याख्यानांसह, इंटरनेटवर मोफत आहे. सदिश, आंशिक विकलन, द्विसंकलन आणि त्रिसंकलन असा त्याचा क्रम आहे. बारावीचे विकलन-संकलन आधी उजळून घ्यावे आणि आठवड्याला एकच व्याख्यान ऐकावे. गणिते मात्र स्वतः कागदावर सोडवावीत. नुसते ऐकून हा विषय येत नाही.

ज्यांना एवढे करायचे नाही, त्यांनी एक सवय तरी लावून घ्यावी. तपासणीच्या अहवालात एखादा आकडा हललेला दिसला, तर त्याच वेळी आणखी काय काय बदलले होते, हे आधी विचारावे.