लाल चहा, सोनेरी कोंब

चीनमध्ये 'ब्लॅक टी'चं शब्दशः भाषांतर करून ऑर्डर दिलीत, तर पुढ्यात भलताच चहा येईल. आपला ब्लॅक टी तिकडे 'होंग छा', म्हणजे लाल चहा. पानाचा नाही, कपातला रंग पाहून ठेवलेलं नाव. 'काळा चहा' म्हणजे 'हेई छा', तो मुरवून केलेला वेगळाच प्रकार. (आपला 'चहा' हा शब्दही मूळचा तिकडचाच, त्यामुळे अर्धी चिनी तुम्हाला येतेच!)

सध्या या लाल चहातला स्टार आहे 'जिन जून मेई'. माझी एक मैत्रीण शांघायच्या ऑफिस ट्रिपवरून त्याचा देखणा डबा घेऊन आली. किंमत चांगल्या हॅंडबॅगेइतकी, आत नुसते सोनेरी कोंब. चव गोड, बरी. पण डबा उघडताक्षणी मला शंका आली, ती त्या सोन्यामुळेच.

हा चहा जन्मला २००५ मध्ये, फुजियान प्रांतातल्या वुयी डोंगरातल्या तोंगमू गावात. फक्त न उमललेले कोंब, तेही हाताने खुडलेले. अर्ध्या किलोला हजारोंच्या हिशेबात लागतात. भाव आकाशाला भिडले आणि जो तो जिन जून मेई बनवायला लागला. २०१३ मध्ये बीजिंगच्या उच्च न्यायालयाने हे नाव चहाच्या एका प्रकाराचं सर्वसाधारण नाव ठरवलं. म्हणजे डब्यावरच्या नावावरून गाव कळत नाही. आणि गंमत अशी, की तोंगमूचा अस्सल माल झगझगीत सोनेरी नसतोच. काळ्या कोंबांत सोनेरी रेषा, इतकंच.

मग ते सोनं येतं कुठून? कोवळ्या कोंबावर बारीक लव असते, चहा तयार होताना ती सोनेरी होते. काही जातींना लव जास्त, म्हणून सोनंही जास्त. युन्नानचं मोठ्या पानाचं झाड त्यातलंच, आपल्या आसामच्या चहाचं सख्खं भावंड. तिथला 'द्यानहोंग' मला मनापासून आवडतो. जपानशी युद्ध पेटल्यावर पूर्वेकडचे चहाचे प्रदेश तुटले, तेव्हा १९३८-३९ मध्ये फंग शाओछ्यू यांनी शुन्निंगमध्ये, म्हणजे आजच्या फंगछिंगमध्ये, हा चहा बनवायला घेतला. मध, माल्ट, कधी मिऱ्याची झाक. थोडं दूध घातलंत तरी रुसत नाही. मात्र हाच माल दुसऱ्या नावाने चौपट भावात गळ्यात मारला जातो, तेव्हा राग येतो.

सोनं बघून खरेदी करणारे 'चीमेन'कडे ढुंकूनही पाहणार नाहीत. (इंग्रजी डब्यांवर हाच 'कीमन'.) आन्हुई प्रांतातला हा चहा १८७५च्या सुमारास सुरू झाला, त्याआधी तिथे ग्रीन टी व्हायचा. पान बारीक, काळं, तारेसारखं वळलेलं. दिसायला अगदीच साधं. पण वास घ्या! गुलाबाला सुगंध देणारं जेरॅनिऑल यात भरपूर असतं. सकाळच्या पहिल्या मीटिंगआधी मला तरी हाच हवा.

राहिला 'लॅपसांग सुशाँग', पाइनच्या धुरावर वाळवलेला. हाही तोंगमूचाच, आणि जगातला पहिला लाल चहा मानला जाणारा. चांगल्या लॅपसांगमध्ये धुरामागून लिचीच्या नात्यातल्या लाँगान फळाचा गोडवा येतो. नुसता चुलीचा वास मारत असेल, तर धूर पानाचे दोष झाकायला वापरलाय असं समजा. धूर न दिलेलाही मिळतो, नवख्यांनी तिथून सुरुवात करावी.

दुकानात डब्याकडे बघू नका. गाव कुठलं, खुडणी कधीची, हे विचारा. नुसतं 'इम्पीरियल', 'प्रीमियम' असं उत्तर आलं तर पुढे चला. घरी आणलेल्याची परीक्षा घ्यायची तर टेस्टर लोकांचं माप वापरा: तीन ग्रॅम पानं, दीडशे मिली उकळतं पाणी, पाच मिनिटं. एरवी इतका कडक कुणी पीत नाही, पण दोष यातच उघडे पडतात. मग भिजलेली पानं बशीत पसरून बघा, ती एकसारखी तांबूस हवीत. आणि अर्धा कप चक्क गार होऊ द्या. चांगला होंग छा गार झाल्यावरही गोड लागतो.