रोहिणीच्या फाट्यावर

निपाणीचे आमचे थोरले बंधू तंबाखूच्या शेतात वाढले आणि विडीत रमले. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. बेळगावला तपासणी झाली, तेव्हा हृद्‌रोहिणीला जेथे फाटा फुटतो, नेमका तेथेच अडथळा निघाला. घरी परतल्यावर अण्णांनी विचारले, "काय रे मास्तर, रक्त एकच, धूरही एकच. मग साऱ्या नळ्या सोडून चरबी त्या फाट्यावरच का बसली?"

प्रश्न शेतकऱ्याचा, म्हणून प्रथम वेदगंगेचेच उदाहरण दिले. नदी वळते तेथे आतल्या अंगाला पाणी मंदावते आणि गाळ धरतो. वेगवान रक्ताने रोहिणीची भिंत खरचटते व तेथे रोग होतो, असा एक तर्क पूर्वी केला जाई. १९६९ साली लंडनचे कॅरो व त्यांचे सहकारी यांनी उलट मांडले: जेथे रक्ताची घासण कमी, रोग तेथे धरतो.

परंतु नदीची उपमा येथवरच पुरते. काठ निर्जीव असतो. रोहिणीचे अस्तर जिवंत. पेशींचा एकच थर, आणि त्या प्रत्येक पेशीला वरून वाहणाऱ्या रक्ताची ओढ जाणवते. ती ओळखणाऱ्या प्रथिनांपैकी पिझो-१ शोधणारे पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सरळ रोहिणीत ही घासण दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५ डाइन किंवा अधिक असते. पेशी तेव्हा वाऱ्याने कललेल्या भातासारख्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि त्यांच्या केंद्रकात केएलएफ-२ हे जनुक जागे होते. त्याच्या प्रेरणेने नायट्रिक ऑक्साइड बनविणारे जनुकही कामाला लागते. हा वायू रोहिणी सैल ठेवतो, रक्तकणिकांना चिकटू देत नाही.

फाट्याच्या बाहेरच्या कडेला मात्र घासण ४ डाइनच्याही खाली उतरते, प्रवाह पुढेमागे हेलकावतो. पेशींना दिशा उरत नाही. केएलएफ-२ मंदावते आणि दाह चेतविणारी जनुके उठतात. अस्तरावर चिकट प्रथिने येतात, पांढऱ्या पेशी तेथे अडकून आत शिरतात, मेद साचतो. जनुके दोन्हीकडे तीच. वर्गातले क्रमिक पुस्तक एकच असते. कोणते पान उघडले आहे ते महत्त्वाचे, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगावे लागत नाही.

"म्हणजे दोष फाट्याचा, विडीचा नव्हे!" अण्णा उत्साहाने म्हणाले.

हे मात्र मी चालू दिले नाही. फाटे सर्वांनाच जन्मतः असतात. धूर सर्वत्र नायट्रिक ऑक्साइड घटवितो. जेथे ते आधीच तुटपुंजे, तेथली भिंत आधी हार खाते. भरभर चालल्याने प्रवाह वाढतो, घासण वाढते. रोज रात्री ते घेतात त्या स्टॅटिनच्या गोळीनेही पेशींतील केएलएफ-२ वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

अण्णा आता पहाटे नदीकडे फिरायला जातात. विड्यांचे बंडल कोनाड्यात आहे. दिवाळीपासून उघडलेले नाही, असे वहिनी सांगतात.